पंक्चर आतल्या बाजूनं

एप्रिल २०२५ मध्ये हिसारच्या सभेत पंतप्रधान म्हणाले की, वक्फच्या मालमत्तेचा प्रामाणिकपणे वापर झाला असता तर मुसलमान तरुणांना सायकलची पंक्चर काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं. त्या संध्याकाळी आमच्या जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झोपायची सोय राहिली नाही. 'पंक्चरवाले' ही शिवी समाजमाध्यमांवर काही नवी नव्हती, वर्षानुवर्षं आपण ती खातोय. पण आता ती व्यासपीठावरून आली, असं सगळ्यांना वाटलं. आणि मग उत्तरादाखल याद्या सुरू झाल्या. आपल्यात इतके डॉक्टर, इतके आयएएस, अमुक शास्त्रज्ञ, तमुक न्यायाधीश. प्रत्येक यादीच्या खाली एकच सूर होता. आम्ही पंक्चरवाले नाही.

मला पहिल्या वाक्याचा राग आला तो आलाच. वक्फच्या जमिनींचं काय झालं हा प्रश्न खोटा नाही, पण तो विचारायला पंक्चरवाल्याची लाज काढायची गरज नव्हती. खरा त्रास मात्र मला त्या याद्यांनी दिला. शिवी देणारा म्हणतो, तुम्ही पंक्चर काढता म्हणजे तुम्ही हलके. आपण म्हणतो, छे छे, आम्ही पंक्चर काढत नाही, आमच्यात डॉक्टर आहेत. म्हणजे पंक्चर काढणारा हलका, यावर दोघांचं एकमत! भांडण फक्त एवढंच की त्या हलक्यात आम्हाला मोजू नका.

माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते मी एका गाडीच्या आधारानं सांगणार आहे. गाडी ब्रिटिश आहे, दोन माणसांची आहे, १९५७ ची आहे, आणि ती आज पेण-रोहा रस्त्यावर चालते. तिला चालती ठेवणाऱ्यांपैकी एकाच्याही घरात पदवी नाही.

आधी गाडी आमच्याकडे कशी आली ते. माझे मामू अष्टमीचे, कुंडलिकेच्या पलीकडचे. साठच्या दशकात ते मुंबईला गेले आणि तिथल्या गॅरेजांमध्ये पंचवीसेक वर्षं काढली. त्यांच्या शेवटच्या सेठकडे पगाराचे पैसे थकले, आणि १९८३ मध्ये सेठनं हिशोब मिटवायला गोदामाच्या कोपऱ्यातली एक गाडी दिली. एमजीए, मॉडेल पंधराशे. मुंबई राज्याच्या काळातला, 'बीएम'नं सुरू होणारा नंबर. मामूंनी ती काही वर्षं चालवली, मग रोह्याला आणली आणि शेडमध्ये लावली. नंतर त्यांचे गुडघे गेले आणि गाडी तिथेच राहिली. कोकणातले पंचवीस पावसाळे, वर खाडीची हवा. लोखंडाचं काय होतं ते खारेपाटातल्या माणसाला सांगायला नको.

मामूंची फार इच्छा होती की मी त्यांच्याकडे शिकावं. मी नाही शिकलो. मी बी.एड. केलं, शाळेत मास्तर झालो. हे एक वेळ ठीक. पण १९९८ मध्ये माझ्या बहिणीचा रिश्ता चालला होता, तेव्हा मुलाकडच्यांना देण्याच्या कागदावर मामूंच्या नावापुढे 'मोटार मिस्त्री' लिहिलेलं मी खोडलं आणि 'ऑटोमोबाइल व्यवसाय' असं लिहिलं. कागद मामूंनी पाहिला. त्यांना माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं, तेही काही बोलले नाहीत. २०१५ मध्ये ते गेले. गाडी त्यांनी माझ्या नावावर केली होती.

तेव्हा हा लेख लिहिणारा माणूस कुठून बोलतोय हे वाचकांना कळलेलं बरं. यादी फॉरवर्ड करणाऱ्यांत मी सत्तावीस वर्षं आधीच होतो.

आता वडखळची गोष्ट. गाडी दुरुस्त होऊन चालायला लागली त्याच्या पहिल्या वर्षी डाव्या मागच्या चाकानं मला रडवलं. माझ्या एमजीएला तारांची चाकं आहेत, सायकलसारखी, एका चाकात ४८ तारा. मी ती चाकं मुंबईत जुन्या गाड्यांच्या कामासाठी नावाजलेल्या एका वर्कशॉपमध्ये देऊन सरळ करून आणली होती. बिल पाहून बायको दोन दिवस बोलली नव्हती. त्यानंतर तीन महिन्यांत त्याच चाकाच्या तीन ट्यूबा गेल्या. वर्कशॉपनं प्रत्येक वेळी नवी ट्यूब टाकली आणि सांगितलं, हल्ली ट्यूबा खराब येतात, शिवाय तुमचे रस्ते. रस्त्यांबद्दल मी काय बोलणार? पनवेल ते इंदापूर रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा पहिलीला असलेली माझी मुलं मिशा फुटून मोकळी झाली. बुटकी गाडी घेऊन त्या रस्त्यावर जाणाऱ्याचं पाप त्याच्याच माथी.

चौथ्या वेळी गाडी वडखळच्या अलीकडे बसली. नाक्यावर एक पंक्चरवाला होता. पत्र्याची टपरी, कॉम्प्रेसर, पाण्याचा अर्धा कापलेला ड्रम. माणूस चाळिशीचा, केरळचा. (जाता जाता: आपल्या महामार्गांवरची कितीतरी टायरची दुकानं केरळी माणसांची आहेत आणि त्यांत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे आहेत. शिवी देणाऱ्यांनी एकदा गाडी थांबवून दुकानदाराचं नाव विचारायला हरकत नाही.) त्यानं टायर उतरवण्याआधी खडूनं टायरवर व्हॉल्व्हच्या जागी एक खूण केली. ट्यूब काढून हवा भरली, ड्रममध्ये फिरवली, बुडबुडे दिसले तिथे बोट ठेवलं आणि ट्यूब पुन्हा त्या खुणेशी जुळवून धरली. मग टायरकडे पाहिलंच नाही. म्हणाला, "साब, खिळा नाय. भोक आतल्या बाजूनं आहे."

ट्यूबचं भोक रस्त्याच्या बाजूला नव्हतं, चाकाच्या बाजूला होतं. त्यानं कापसाचा बोळा घेतला आणि रिमच्या आतून फिरवला. दोन ठिकाणी कापूस अडकला. तारा ताणताना दोन तारांची टोकं निपलच्या बाहेर केसभर आली होती, ती कोणी घासली नव्हती. आणि तारांवर जो रबराचा पट्टा असायला हवा तो वर्कशॉपनं बसवलाच नव्हता. चाक चाललं की ट्यूब त्या टोकांवर घासत होती. त्यानं कानस घेऊन टोकं सपाट केली, ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून दोन बोटं रुंद पट्टा गोल कापला, रिमवर बसवला, व्हॉल्व्हसाठी भोक पाडलं, ट्यूबला ठिगळ लावलं. एकशे वीस रुपये. तारांची चाकं त्याच्या नाक्यावर वर्षाला किती येत असतील? तरीही त्याला खूण आधी करायची असते हे ठाऊक होतं, कारण खिळा रस्त्यात होता की दोष चाकातच आहे, हे त्याशिवाय कळत नाही. याला निदान म्हणतात. हेच काम एखाद्यानं गळ्यात स्टेथोस्कोप घालून केलं असतं तर ते आपल्या यादीत आलं असतं.

ती ट्यूब अजून त्याच चाकात आहे.

आता गाडीच्या मोठ्या कामाकडे येतो, कारण या विद्येचा आवाका कळल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. इंग्लंडात अशी गाडी उभी करणं तुलनेनं सोपं आहे. एमजीए १९५५ ते १९६२ या काळात ॲबिंग्डनला बनली, एक लाखाहून थोड्या जास्त, आणि बहुतेक परदेशी गेल्या. कारखाना १९८० मध्ये बंद झाला. पण तिथे या गाड्यांच्या सुट्या भागांचे कॅटलॉग निघतात. दरवाजाखालचा पत्रा हवा, मागवा. जमिनीची फळी हवी, मागवा. आपल्याकडे मागवायचं तर मालापेक्षा जहाजभाडं आणि कस्टम भारी. म्हणून आपल्याकडे गाडी माणसं उभी करतात.

पेणला आरटीओच्या आसपास गॅरेजांची जी गर्दी आहे, त्यात माझे उस्ताद बसतात. साठी ओलांडलेली. गाडी टेम्पोतून उतरवली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाच्या बाजूला हात फिरवला आणि हसले. "सर, ही तर आपली ॲम्बेसेडर." मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. ॲम्बेसेडरमध्ये १९५९ पासून जे १४८९ सीसीचं इंजिन होतं आणि एमजीएमध्ये जे आहे, ती दोन्ही इंग्लंडातल्या एकाच घराण्यातली. बोअर ७३.०२ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, दोन्हीत तोच. फरक कार्बोरेटरचा, कॉम्प्रेशनचा, बाहेरच्या काही बसवणुकीचा. एक इंजिन काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आणि सरकारी साहेबांच्या पांढऱ्या गाडीत राबलं, दुसरं लाल-निळ्या रंगात शर्यती खेळलं. ॲम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली, पण तिची हाडं कुर्ल्याच्या भंगार बाजारात अजून मिळतात. उस्तादांनी तिथून रिंगा आणल्या, बेअरिंगा आणल्या, प्रत्येक गोष्ट मायक्रोमीटरनं मोजून, जे बसत नाही ते परत करून.

हेडचा प्रश्न वेगळा होता. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असे, आणि व्हॉल्व्ह जिथे बसतो त्या बिडाच्या कडेला ते शिसं गादीसारखं सांभाळत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. हवेसाठी उत्तमच झालं. पण अशा हेडवर नवं पेट्रोल जाळलं की व्हॉल्व्हची बसकण हळूहळू खचत जाते. हे उस्तादांना कोणत्या सर्क्युलरनं कळवलं नव्हतं. त्यांना ते २००१-०२ च्या सुमाराला गिऱ्हाइकांच्या जुन्या गाड्यांचे टॅपेट पुन्हा पुन्हा घट्ट होताना पाहून कळलं. लेथवाल्याकडून त्यांनी कडक पोलादाच्या कड्या कापून घेतल्या आणि हेडमध्ये ठोकून बसवल्या. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. एसयू कार्बोरेटरच्या जेटभोवती बुचाची बारीक वायसर असते, जुन्या नळ्या रबराच्या असतात. त्यांना हे पेट्रोल मानवत नाही. उस्तादांनी नळ्या सगळ्या बदलल्या. बुचाचं काय करायचं यावर त्यांचा आणि लेथवाल्याचा वाद चालू आहे.

पत्र्याचं काम सगळ्यात लांबलं. एमजीएची चासी वेगळी आणि वर बॉडी. दरवाजे, बॉनेट, डिकीचं झाकण यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा, तो टिकला होता. दरवाजाखालचा लोखंडी पट्टा मात्र हातात पापडासारखा आला, आणि पेणमध्ये पापडाची उपमा मी विचार करूनच देतोय. डेंटर उस्तादांचेच चुलतभाऊ. त्यांनी एका बाजूचा जो थोडा भाग शाबूत होता, त्यावर पुठ्ठा धरून साचा काढला, तो उलटा करून दुसऱ्या बाजूचा केला, पत्रा कापून वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोडीनं ठोकत गोलाई आणली. गॅसनं जोडला. लांबी भरून झाकायचा सोपा रस्ता होता. त्यांनी तो घेतला नाही. "लांबी पावसाळ्यात खोटं उघडं पाडते," म्हणाले. गाडीची जमीन मूळचीच प्लायवूडची असते, ती नागोठण्याच्या सुतारानं केली. रंगारी तर पेणचाच. आषाढापासून भाद्रपदापर्यंत तो गणपतीच्या कारखान्यात स्प्रे गन चालवतो आणि बाकीचे महिने गाड्या रंगवतो. डॅशबोर्डच्या पाठीमागे ग्लेशियर ब्लू नावाच्या मूळच्या फिकट निळ्या रंगाचा हातभर तुकडा सापडला, तो उन्हात नेऊन, सावलीत नेऊन त्यानं तीन वेळा रंग मिसळला.

त्या रंगाऱ्यावर जरा थांबतो. भाद्रपद आला की पेणमध्ये कॅमेरे येतात. मूर्तिकारांच्या मुलाखती होतात, परदेशी जाणाऱ्या मूर्ती मोजल्या जातात, आणि व्हायलाच हव्यात. पेणची ती शान आहे आणि माझे कित्येक विद्यार्थी त्या कारखान्यांत वाढलेत. हाच माणूस, हीच गन, हाच डोळा. तीन महिने तो कलाकार असतो आणि नऊ महिने 'पेंटर'. त्याच्या शेजारी हातोडीनं पत्र्याला गोलाई देणारा माणूस तर बारा महिने मिस्त्रीच.

जुन्या गाड्यांच्या रॅलींना मी दोनदा गेलोय. सुंदर गाड्या, सभ्य माणसं. प्रत्येक गाडीपुढे पाटी असते: मॉडेल, साल, मालक. काही पाट्यांवर लिहिलेलं असतं की मालकांनी गाडी 'स्वतः रिस्टोअर केली'. मी एका गृहस्थांना विचारलं, पत्रा कोणी ठोकला? ते म्हणाले, "आमचा माणूस आहे एक." नाव? त्यांनी सांगितलं ते फक्त एक टोपणनाव होतं. दहा वर्षं तो माणूस त्यांच्या गाडीवर काम करत होता. चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं, पुस्तकावर लेखकाचं. ज्यानं विकत घेतलं त्याचं नाव चित्रावर टाकायची पद्धत कुठे आहे? ज्या वारशाचा एवढा गजर चालतो, त्यातला गाडी हा निम्मा भाग. उरलेला निम्मा त्या टोपणनावाच्या बोटांत आहे, आणि तो रॅलीत आलाच तर चहाच्या स्टॉलमागे उभा असतो.

कायद्याचाही तोच कल. जुलै २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात असलेल्या गाड्यांना 'विंटेज' म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, नव्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. मी तो रस्ता घेतला नाही. साधी नोंदणी पुढे चालवतो, जास्तीची फी भरतो. कारण ज्या वस्तूला वापरायची मनाई, तिला दुरुस्त करणारा कशावर जगणार? गाडी चालली की बिघडते, बिघडली की माणूस लागतो, माणूस लागला की पोरगं शिकतं. एमजीएच्या पुढच्या किंगपिनना दर हजार मैलांनी ग्रीस मारायला सांगितलंय. काचेआड ठेवलेल्या गाडीला ग्रीस कोण मारतो?

आणि 'मूळ रूप' म्हणजे तरी काय? इंग्लंडात गेल्या वर्षी दाबून काढलेला नवा पत्रा लावला तर गाडी अस्सल, आणि कुर्ल्यात मिळालेली, त्याच घराण्याच्या इंजिनाची रिंग बसवली तर 'जुगाड'. हा शब्द मला आवडत नाही. मायक्रोमीटर लावून केलेल्या कामाला जुगाड म्हणणाऱ्यानं मायक्रोमीटर हातात धरलेला नसतो.

इथवर वाचून आपली मंडळी खूश झाली असतील. आता जरा आपल्याकडे.

आपल्या जुम्म्याच्या बयानात हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांचं नाव येतं. अल्लाहनं त्यांच्यासाठी लोखंड मऊ केलं, आणि चिलखताच्या कड्या नीट मापात जोडायला सांगितलं, हे कुरआनात आहे. मापात जोडा! बयान ऐकून आपण बाहेर येतो आणि मशिदीच्या कोपऱ्यावर लोखंड मापात जोडणाऱ्या माणसाला 'अरे ए' म्हणून हाक मारतो. आपल्याकडे गॅरेज म्हणजे नापास मुलाची जागा. हुशार पोराला सायन्स, मधल्याला आखात, आणि ज्याचं काहीच होणार नाही त्याला उस्तादाच्या हाती. मग तेच पोरगं दहा वर्षांनी चांगला मिस्त्री झालं की रिश्त्याच्या कागदावर आपण त्याचं 'ऑटोमोबाइल' करतो. मी केलं.

उस्तादही धुतल्या तांदळासारखे नाहीत. माझे उस्ताद मला जिवापाड आवडतात, पण त्यांच्याकडचा शागीर्द पहिली दोन वर्षं फक्त पाने धुतो आणि चहा आणतो. पैसे म्हणावे असे मिळत नाहीत. बारा-तेरा वर्षांची पोरंही मी तिथे पाहिलीत, शाळेच्या वेळेत, आणि मास्तर असून दोनदा गप्प बसलोय. खरी गोम तर उस्ताद शेवटपर्यंत दाखवत नाहीत. टायमिंग लावायची वेळ आली की पोराला बाजारात पिटाळतात. त्यांच्या उस्तादानंही तेच केलं होतं. व्हॉल्व्हच्या कड्या किती घट्ट बसवायच्या, हेड किती तापवायचं, हे कुठेही लिहिलेलं नाही. मामूंबरोबर काय काय गेलं याची मला कल्पनाही नाही, कारण मी विचारलं नव्हतं. लपवून ठेवलेलं कसब सन्मान मागत असेल, तर तो कशाच्या बळावर?

एक आक्षेप मला माझ्याच शाळेतल्या एका तरुण सहकाऱ्यानं घेतला आणि तो वजनदार आहे. तो म्हणाला, "सर, तुमच्यासाठी हा छंद आहे. त्या पोरासाठी नाइलाज आहे. गरिबीला कलेचा साज चढवू नका." बरोबर आहे. २००६ च्या सच्चर अहवालानं दाखवलं की मुसलमान कामगार स्वयंरोजगारात आणि वाहनदुरुस्तीसारख्या धंद्यांत प्रमाणाबाहेर एकवटलेत आणि पगारी, सुरक्षित नोकऱ्यांत कमी. ते काही हौसेनं झालेलं नाही. बँक कर्ज देत नाही, दुकानाची जागा स्वतःची नाही, रस्ता रुंद झाला की पहिली टपरी पंक्चरवाल्याची उडते आणि तिला मोबदला नसतो. मी कोणाच्या पोराला शाळा सोडून टपरीवर बस असं सांगत नाही. उलट सांगतो, पोरगं बारावी होऊन, गणित येऊन, करार लिहून, पगार घेऊन गॅरेजात जाऊ दे. पण या अहवालाचा आधार घेऊन आपण जे बोलतो ते ऐका कधी: 'आपली मुलं मिस्त्रीच राहिली'. मिस्त्री राहिली हे दुःख नाही. मिस्त्री राहूनही बिनकर्जाची, बिनविम्याची, बिननावाची राहिली, हे दुःख आहे. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो न केल्यामुळे आपलं उत्तर शिवीसारखंच ऐकू येतं.

दुसरा आक्षेप विजेच्या गाड्यांचा. कार्बोरेटर शिकून काय उपयोग? माझ्या वडखळच्या माणसानं तारांचं चाक शिकलं नव्हतं. खूण आधी करायची, हे शिकला होता. विजेच्या गाडीलाही टायर असतात, पत्रा असतो, आणि दोष कुठल्या बाजूनं आहे हा प्रश्न तिलाही पडतोच.

मी काय केलं ते थोडक्यात सांगतो, फुशारकी म्हणून नाही, उशिरा केलं. गाडीच्या कागदांबरोबर एक वही ठेवलीय. प्रत्येक काम, तारीख, माप, आणि करणाऱ्याचं पूर्ण नाव. उस्ताद आधी चिडले. म्हणाले, "सर, तुम्ही मास्तर लोक सगळ्याची परीक्षा करता." मग एका रविवारी त्यांनी स्वतःच वही मागून घेतली आणि टॅपेटच्या मापापुढे मी लिहिलेला आकडा खोडून बरोबरचा लिहिला. त्यांचा शागीर्द, वय एकोणीस, तिथे उभा राहून वाचत होता. त्याला कोणी बाजारात पाठवलं नाही.

आणि आता एक घरगुती गोष्ट, जी लिहू की नको यावर मी आठवडा काढला. माझ्या भाचीसाठी, त्याच बहिणीच्या मुलीसाठी, जिच्या रिश्त्यात मी खाडाखोड केली होती, गेल्या महिन्यात एक स्थळ आलं. मुलगा रोह्याचा, डिप्लोमा केलेला, धाटावच्या वाटेवर स्वतःचं गॅरेज. कागदावर व्यवसायापुढे त्यानं सरळ लिहिलंय: 'मोटार मिस्त्री, स्वतःचे गॅरेज'. बहीण म्हणाली, भावोजींना काय सांगायचं? आणि मी, जो वर एवढं सगळं लिहून बसलोय, तीन दिवस काही बोललो नाही. माझ्याही डोक्यात आधी आला तो कुवेतचा अकाउंटंट.

चौथ्या दिवशी भाचीनंच विषय काढला. ती रोह्याला एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे. तिनं कागद वाचला, मला म्हणाली, "मामू, एवढंच विचारून या, तो कामाचा हिशोब लिहून ठेवतो का? पोरांना पगार देतो का?"

येत्या रविवारी मी चाललोय विचारायला. भिसे खिंडीतून, एमजीए घेऊन. दुसऱ्या सीटवर बहीण म्हणते मी येणार.